आजोबांच्या शोकसभेत दोन शब्द बोलायचे आहेत, काय बोलू?

तुम्ही लिहिलं आहे की आजोबा गावात सगळ्यांच्या अडीनडीला धावून जायचे, रविवारी शोकसभा आहे, आणि नातवंडांतर्फे बोलायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. वाचलं आणि माझ्या आजोबांचा, तात्यांचा, तेरावा आठवला. तेव्हा मलाही बोलायचं होतं.

मी आदल्या रात्री पानभर लिहून काढलं होतं. प्रेमळ, परोपकारी, निःस्वार्थी. बाबांना वाचून दाखवलं. ते जरा वेळाने म्हणाले, "चांगलं आहे गं, पण यात तात्या कुठे आहेत?" तो कागद मी बाजूला ठेवला. तुम्हीही विशेषणं बाजूला ठेवा, असं अगदी मनापासून सांगते. आजोबा हातांनी काय करायचे, ते सांगा.

माझे आजोबा तिरडी बांधायचे. पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात आमचं बिऱ्हाड होतं आणि ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते, सायकलने जायचे. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते वीस वर्षांचे होते. पाणी ओसरल्यावर पेठांमधून गाळ उपसायला जी पोरं उतरली त्यांत तेही होते. त्या दिवसांबद्दल ते फार बोलले नाहीत. पण तेव्हापासून कुणाकडे कुणी गेलं की पहिला निरोप तात्यांना यायचा, आणि साठ वर्षं येत राहिला.

दाराच्या मागे खुंटीला त्यांची खाकी पिशवी असे. सुतळीचा गुंडा, कात्री, कापूर, काडेपेटी, टॉर्च, पेन, कोरे कागद. बांबू आणि कामट्या कुठून आणायच्या, अर्ध्या रात्री मडकं कोण देईल, वैकुंठ स्मशानभूमीत कुणाशी बोलायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. माणूस घरी गेला असेल तर आधी डॉक्टरांचा दाखला, मग मनपाचा पास, आणि 21 दिवसांच्या आत मृत्यूची नोंद, हे ते घरातल्या एखाद्या शांत माणसाला बाजूला घेऊन सांगायचे. रडणाऱ्याला कधीच नाही. महिन्याभराने पुन्हा चक्कर मारायचे, पेन्शनचे, बँकेचे कागद अडलेत का बघायला. लोकांना स्मशानातले तात्या आठवतात, मला मात्र ही दुसरी चक्कर जास्त मोठी वाटते. तोवर पाहुणे पांगलेले असतात आणि घरातली बाई एकटी कागदांपुढे बसलेली असते.

आजीला याचा त्रास झाला, तेही लिहिते. बाबांच्या साखरपुड्याच्या पंगतीतून ते उठून गेले होते. आजी धुसफुसायची, पण ते परत यायच्या आत मोरीत कढत पाणी काढून ठेवलेलं असायचंच. तुमच्या आजींना यातलं काही विचारा. घरच्यांनी काय सोसलं ते सभेत आलं तर आजोबा लहान होत नाहीत.

उतारवयात त्यांनी नेत्रदानाचं मनावर घेतलं. 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात ते सोसायट्यांमधून बोलायला जायचे. एरवी दुःखाच्या घरी पाऊल टाकताच पहिलं वाक्य, "पंखा बंद करा." पंख्याच्या वाऱ्याने बुबुळं सुकतात. मग पापण्या मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या, डोक्याखाली उशी आणि नेत्रपेढीला फोन. सहा तासांच्या आत सगळं व्हावं लागतं, प्रत्यक्ष काम मात्र अर्ध्या तासाचं. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, म्हणून लोक नको म्हणायचे. तात्या समजावायचे की त्याने अडत नाही, आणि आधी फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांची संमती चालते. कुणी नाहीच म्हणालं तर पुन्हा विषय काढत नसत, गुपचूप सुतळी सोडायला घेत.

2022 च्या श्रावणात पहाटे ते गेले. आम्ही सगळे त्यांच्याभोवती नुसते उभे होतो. आजी उठली, भिंतीला धरत बटणापाशी गेली आणि तिने पंखा बंद केला.

तिरडी गल्लीतल्या पोरांनी बांधली. एकाने गाठ मारली, तर दुसऱ्याने ती सोडली. "तात्या अशी नाही मारायचे." तिसऱ्यांदा मनासारखी बसली.

तेराव्याला मी बोलले ते यातलंच थोडं. आणि एका बाईंचं. मंडईत त्यांचा गाळा आहे, भेटायला आल्या होत्या. त्यांचे मालक गेले तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. बाहेर सगळे घाई करत होते, उशीर होतोय म्हणत होते. "तुमच्या तात्यांनी सगळ्यांना थांबवलं," त्या म्हणाल्या, "पोराला जवळ बसवून चहा-बिस्किट खायला घातलं, आणि मगच मडकं हातात दिलं." घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. तात्यांनी सांगितलंच नव्हतं.

म्हणून रविवारच्या आधी दोन दिवस आहेत तेवढ्यात घराबाहेरच्या चार माणसांकडे जाऊन या. देवळात, चावडीवर, चहाच्या टपरीवर, आजोबा जिथे बसत असतील तिथे. "ते कसे होते?" असं विचारलंत तर सगळे "देवमाणूस" म्हणतील. "तुमच्याकडे ते शेवटचे कशासाठी आले होते?" असं विचारा. जे ऐकाल ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या आणि तसंच वाचा. मध्येच आवाज गेला तर थांबा, लोक थांबतील.

आणखी एक, आजोबांचा मोबाइल इतक्यात बंद करू नका. तात्या जाऊन दोन महिने झाले होते, रात्री अडीचला त्यांचा फोन वाजला. पलीकडच्या मुलाला काहीच माहीत नव्हतं. "तात्या आहेत का? आई गेली." बाबांनी क्षणभर डोळे मिटले, मग पत्ता विचारला. आधी त्याला म्हणाले, "पंखा बंद कर बाळा, मी निघालोच." खुंटीवरची पिशवी घेऊन ते गेले. मी उठून गीझर लावला.

तो नंबर अजून चालू आहे. रिचार्ज बाबा करतात.