एमएमआरची स्लाइड वाचताना

पहिला एमएमआर रिपोर्ट, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत आहेत की गेली याचा, लिहिताना घाई करू नकोस. गाठीच्या पेशींची केंद्रकं निळी दिसली की प्रथिन गेलं, असं आपल्याला पटकन वाटतं. आधी शेजारच्या लिम्फोसाइट्स, म्हणजे निरोगी पांढऱ्या पेशी, बघ. त्यांची केंद्रकं तपकिरी असतील, म्हणजे तिथे प्रथिन दिसत असेल, तरच त्या निळ्याला अर्थ आहे. त्याही निळ्याच असतील तर स्टेन (प्रथिन दाखवणारा रंग) लागलेलाच नाही, पुन्हा करायला लाव. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक नमुना फॉर्मालिनमध्ये नीट मुरला नव्हता आणि मी जवळजवळ सही केली होती. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

कारण या एका ओळीवर औषध ठरतं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामकाने) पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला मंजुरी दिली, ती गाठ कुठल्या अवयवात आहे ते न बघता, याच मार्करवर.

या प्रथिनांपैकी एमएलएच१ गेलं की त्याचा जोडीदार पीएमएस२ही जातो. मोठ्या आतड्याच्या गाठीत असं दिसलं तर बीआरएएफ जनुक तपासायला सांग. त्यात व्ही६००ई हा बदल सापडला तर आजार बहुधा आनुवंशिक नाही. नाही सापडला तर मिथिलेशन (एमएलएच१चं जनुक रासायनिक खुणेने बंद झालंय का) बघ, लिंच सिंड्रोम (आनुवंशिक कॅन्सरचा आजार) डोक्यात ठेव आणि घरात कुणाला कॅन्सर होता का, ते विचारायला लाव. त्यामुळे भावंडं वेळेत तपासली जातात.

फुफ्फुसाच्या बायोप्सीत मात्र पीडी-एल१ (इम्युनोथेरपी ठरवताना बघतात ते प्रथिन) कितीही जास्त आलं तरी ईजीएफआर आणि एएलके या जनुकांचा निकाल येऊ दे. टीपीएस, म्हणजे पीडी-एल१ दाखवणाऱ्या गाठपेशींची टक्केवारी, मोजताना किमान १०० जिवंत गाठपेशी हव्यात आणि मॅक्रोफेज (भक्षक पेशी) त्यात धरायचे नाहीत. शंका आली तर ऑन्कोलॉजिस्टला सरळ फोन कर.