पिट बँडमध्ये गिटार वाजवायला स्टाफ नोटेशन यायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षं गिटार वाजवताय, कॉर्ड पक्के आहेत, टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) वाचता येते, कान चांगला आहे. सहा आठवड्यांनी एका म्युझिकलच्या पिटमध्ये, म्हणजे रंगमंचासमोरच्या वादकांच्या जागेत, बसायचंय. मग नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर वाचणं, शिकायलाच हवं का, की रेकॉर्डिंग ऐकून गाणी बसवली तरी चालेल? आणि अँप कोणता घ्यावा?

शिकायलाच हवं. आजपासून सुरू करा.

इतकं ठाम सांगतोय कारण मी नेमकं हेच केलं होतं. पहिल्या शोला रेकॉर्डिंग लावून लावून सगळी गाणी पाठ केली होती. स्टँडवर माझ्या वाद्याच्या नोटेशनचं पुस्तक उघडं असायचं, पण मी कॉर्डची नावं तेवढी बघायचो. तीन प्रयोग छान गेले, कोणाला काही कळलं नाही. चौथ्या प्रयोगात एका गाण्याच्या पहिल्या कडव्यानंतर वॅम्प होता. दोन बार (ठोक्यांचे ठरावीक गट, पुस्तकात त्यांना आकडे असतात) फिरवत राहायचे, वर संवाद चालतो, ठरलेलं वाक्य आलं की दुसरं कडवं. त्या दिवशी समोरच्या नटाने ते वाक्य घेतलंच नाही. गायिका क्षणभर थांबली आणि दुसरं कडवं सोडून थेट त्याच्या पुढच्या भागात शिरली. कंडक्टर दबक्या आवाजात म्हणाला, "चौसष्ट!" बेस, ड्रम्स, कीबोर्ड पुढच्या ठोक्याला तिथे पोहोचले. पान उलटल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला. माझ्यासाठी चौसष्ट हा फक्त आकडा होता.

गाणं ई-फ्लॅटमध्ये. चौसष्टाव्या बारला ए-फ्लॅट मायनर हा कॉर्ड येतो. मी डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) चालू ठेवून ई-फ्लॅट मेजरच दामटत होतो. गायिकेने ए-फ्लॅट लांबवला होता आणि त्याच्याखाली माझ्या कॉर्डमधला जी, अर्ध्या सुराच्या अंतरावर. चार बार. तिने खाली पिटकडे पाहिलं आणि पुढचे शब्द तिच्या तोंडातून गेले. तिची चूक नव्हती. अर्धा संवाद गळाल्यावरही तिने गाणं सावरलं होतं, ते मी पाडलं. प्रयोग संपल्यावर कंडक्टर मला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या पुस्तकात चौसष्ट या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता.

तेव्हाचा माझा एक मित्र, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला गिटारिस्ट, म्हणाला, "कानाने पकडायला हवं होतंस. कागदावर वाजवणारे कारकून असतात." या वाक्यावरून आमचं कित्येक वर्षं वाजलंय. तुमच्या प्रश्नात त्याचाच आवाज ऐकू आला म्हणून इतकं लिहितोय. कान कितीही तयार असला तरी बँड कुठे गेला हे ओळखायला एक-दोन बार जातातच, आणि तेवढ्यात गाणाऱ्याचा सूर हलतो. वाचणाऱ्याला बारचा आकडा ऐकू आला की एका ठोक्यात जागा सापडते. पिटमध्ये नोटेशन लागतं ते मुख्यतः यासाठी. रंगमंचावर दरवाजा अडकतो, माणूस उशिरा येतो, कोणी ओळ गाळतो. रेकॉर्डिंगमध्ये यातलं काहीच घडत नाही. जो हे सांभाळून गायकाखाली सूर धरून ठेवतो त्याला कारकून म्हणणं मला आजही मान्य नाही.

बाकीचं भराभर सांगतो. गिटारचे सूर लिहिलेत त्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतात, तेव्हा वाचताना दचकू नका. स्केल गायकाच्या सोयीने ठरतात, त्यामुळे ई-फ्लॅट, ए-फ्लॅट, डी-फ्लॅट सतत येतात. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर वर नेणारी पट्टी) कधी कामाला येतो, पण गाण्याच्या मध्यात स्केल बदलली की तोच आड येतो. तिरप्या रेघा आणि वर कॉर्डची नावं दिसली तर ऱ्हिदम तुमच्यावर सोडलाय. पण दोन पानांनी लगेच नेमकी लिहिलेली ओळ येते, आणि नेहमी तिथेच माणूस सापडतो. कोपऱ्यात व्ही. एस. लिहिलं असेल तर पान झटकन उलटायचंय. पेन्सिल जवळ हवीच. आणि गप्प बसायचे बार मनापासून मोजा. चाळीस बार थांबून एका ठोक्यावर घुसणं हे वाजवण्याइतकंच अवघड आहे.

तुमच्या पुस्तकात तुम्हालाच वाजवायला बँजो किंवा मँडोलिन आहे का, ते आज बघा. 'शिकागो' या म्युझिकलमध्ये बँजो आहे, तसा तुमच्याकडेही निघू शकतो. मँडोलिन व्हायोलिनसारखं लावतात, प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पाचव्या सुरावर, गिटारचे आकार तिथे चालत नाहीत. वेळ कमी असेल तर टेनर बँजो (चार तारांचा बँजो) गिटारच्या वरच्या सुरांच्या चार तारांसारखा लावून घ्या. पुष्कळ पिटवाले तसंच करतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

अँप घेण्याआधी साउंडवाल्याशी बोला. बऱ्याच ठिकाणी पिटमध्ये अँप ठेवूच देत नाहीत, मॉडेलरमधून (अँपच्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र) थेट लाइन जाते आणि तुम्ही हेडफोनवर ऐकता. व्हॉल्यूम पेडल मात्र नक्की घ्या.

एक सांगायचं राहिलं. सगळी पुस्तकं सारखी नसतात. १९६८ साली 'हेअर' ब्रॉडवेवर आलं, तेव्हापासून रॉक बँडवर उभी असलेली म्युझिकल्स पुष्कळ झाली, आणि असल्या काही पुस्तकांत कॉर्ड चार्टच जास्त असतात. तुमचं तसं निघालं तर सहा आठवड्यांत सगळे सूर वाचता आले नाहीत तरी निभेल. पण बँडही लहान असेल. १९९६ च्या 'रेंट'मध्ये पाचच वादक होते. पाचांत एक चुकला की सगळ्यांना ऐकू येतं. तेव्हा सूर कमी वाचता आले तरी बारचे आकडे, रिपीट, कोडा (उडी मारून जायचा शेवटचा भाग) आणि कट (गाळलेले बार) पक्के करा.

सरावाला घरातल्या कोणालाही पुस्तकासमोर बसवा. मेट्रोनोम लावा, वाजवायला लागा, आणि त्यांना मध्येच कुठलाही आकडा ओरडायला सांगा. पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर तुम्ही तिथे असायला हवं. मी चौसष्टपासून सुरुवात केली होती.