'पोर्तुगीज काळातली' की 'पोर्तुगीज धाटणीची'?

प्रश्न असा आलाय की म्हापशाच्या एका दुकानात शिसवी कोरीव खुर्चीवर 'पुरातन पोर्तुगीज' अशी चिठ्ठी होती आणि दुकानदार तर सांगत होता की गेल्याच वर्षी घडवलीय, मग मराठीत हे नीट कसं लिहायचं?

आधी 'पुरातन' काढा. पुरातन देऊळ असतं, खुर्चीला साधं 'जुनी' पुरतं, नाहीतर सरळ अँटिक म्हणा, सगळ्यांना कळतं. खरा घोळ 'पोर्तुगीज'चा आहे. गोव्यात पोर्तुगीज सत्ता 1510 ते 1961 म्हणजे साडेचारशे वर्षं, त्यामुळे 'पोर्तुगीज काळातली' म्हटलं की सतराव्या शतकातली पण आली आणि 1950 ची पण आली, वयाचा पत्ताच लागत नाही!

आणि काळ वेगळा, धाटणी वेगळी. आपलं साळगावचं चर्च बघा ना, टोकदार कमानी, अगदी गॉथिक, पण ते 1873 चं, आणि मूळ गॉथिक शैली फ्रान्समध्ये बाराव्या शतकात सुरू झालेली. त्याला कोणी 'गॉथिककालीन' म्हणेल का? फर्निचरचंही तेच. एकोणिसाव्या शतकात युरोपात जुन्या शैली परत आणायची मोठी हौस होती, तेव्हा सतराव्या शतकातले पिळाचे पाय, अठराव्या शतकातले पंजात गोळा धरलेले पाय, सगळं नव्यानं कोरलं गेलं, म्हणजे जुन्या धाटणीची खुर्ची स्वतःसुद्धा सव्वाशे-दीडशे वर्षं जुनी असू शकते, हे लक्षात ठेवा.

तुमच्या खुर्चीला मी 'जुन्या पोर्तुगीज धाटणीची, नवी' असं लिहीन. 'जुन्या घडणीची' नको, त्यात घडवलीच पूर्वी असं वाटतं. आणि 'गोव्यात घडवलेली' हे जरूर लिहा, कारण नक्षी तिकडची असली तरी पटाशी इथल्या मेस्ताच्या, म्हणजे सुताराच्या, हातातली. (मेस्त काय आणि आपला मिस्त्री काय, दोन्ही पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आलेत.)

चिठ्ठीवर विसंबण्यापेक्षा खुर्ची उलटी करून बैठकीच्या पट्टीवर खालून बोट फिरवा. हातरंध्याच्या बारीक लाटा बोटाला लागतात, गोल करवतीनं कापलेल्या लाकडावर मात्र एकसारखे कमानदार ओरखडे दिसतात. ही गोल करवत बरीच नंतरची, त्यामुळे तसे ओरखडे दिसले तर 'सतराव्या शतकातली' असं कोणी लिहून दिलं तरी मान्य करू नका.