सोनटक्क्याला पानं भरपूर, पण फूल का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की घराच्या मागच्या भिंतीलगत दोन वर्षांपासून सोनटक्का आहे, जागा सावलीची, पानं हिरवीगार, पण फूल एकही नाही. माझ्याकडे तीन वर्षं अगदी हेच चाललं होतं.

सोनटक्क्याला सावली चालते, हे खरंच आहे. पण झाड जगण्यापुरता उजेड वेगळा आणि फुलण्यापुरता वेगळा. भर दुपारी त्या जागेवर हात धरून बघा. हाताची सावली पुसट का होईना, दिसत असेल तर जागा चालेल. सावलीच पडत नसेल, तर तिथे नुसती पानंच वाढणार. माझा गड्डा अशाच अंधाऱ्या कोपऱ्यात होता. मी तो अर्धा खणून चार-पाच फूट पुढे लावला, जिथे सकाळचं दोनेक तास कोवळं ऊन येतं. पुढच्याच हंगामात तिथे फुलं आली. कोपऱ्यातला अर्धा भाग मात्र अजूनही पानांवरच आहे. दुपारचं कडक ऊन टाळा, त्याने पानांच्या कडा करपतात.

आता एक विचारतो. दांडे फार उंच झाले म्हणून तुम्ही शेंडे छाटता का? सोनटक्क्याचा तुरा दांड्याच्या अगदी टोकाला येतो. शेंडा गेला की त्या दांड्याचं फूल गेलं. हा आल्याच्या कुळातला, माणसाच्या उंचीपर्यंत सहज जाणारा. त्याला उंच होऊ द्या, वाकला तर काठीचा आधार द्या. एक दांडा एकदाच फुलतो. तुरा पूर्ण संपला की तो दांडा जमिनीलगत कापायचा, म्हणजे नव्या कोंबांना जागा आणि उजेड मिळतो. छाटणी एवढीच.

खताचंही बघा. युरियासारखं नत्राचं खत घालत असाल तर थांबवा. त्याने पानं माजतात आणि फूल मागे पडतं. वाढ सुरू होताना चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत पुरतं. पाण्याची मात्र याला मनापासून ओढ आहे. वाढीच्या दिवसांत माती कधीच कोरडी पडू देऊ नका. वरून पाचोळ्याचं आच्छादन घातलंत तर ओल टिकते. थंडीत वाढ मंदावली की पाणी कमी करायचं, नाहीतर कंद कुजतात.

कंद हलवायचे असतील तर नवे कोंब फुटण्याच्या थोडं आधी हलवा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत. लावताना आडवे ठेवा आणि वर दोन बोटं माती, बस. खोल पुरलेले कंद उशिरा उगवतात. कंद आडवे पसरतात, त्यामुळे कुंडीत लावणार असाल तर खोल कुंडीपेक्षा पसरट घ्या. दर तीन-चार वर्षांनी गड्डा फोडून विरळ करावा लागतो. निघालेले तुकडे ओढ्याकाठी किंवा ओलसर मोकळ्या जागी टाकू नका. तिथे तो झपाट्याने पसरतो आणि इतर झाडांना उगवू देत नाही. हवाईत आणि ब्राझीलमध्ये तो असाच उपद्रवी ठरला आहे.

फुलायला लागला की एकेक फूल जेमतेम एक दिवस टिकतं, पण तुऱ्यातून रोज नवी उमलत राहतात. वास संध्याकाळी सगळ्यात दाट असतो, तेव्हा निदान काही तुकडे तरी खिडकीजवळ लावा.