ग्रामसभेचे इतिवृत्त सभेतच लिहून घ्या

आपला प्रश्न असा आहे की, गावची ग्रामसभा केवळ कागदावर होते, कामांचा दर्जा राहत नाही, आपण स्वतः नोकरीनिमित्त शहरात असता, आणि कोणाशी वैर न घेता ग्रामपंचायतीचा कारभार स्वच्छ व्हावा यासाठी एकट्या माणसाला काय करता येईल. मी लग्न होऊन पश्चिम महाराष्ट्रातील एका लहान गावात आले आणि गेली चौदा वर्षे जवळजवळ प्रत्येक ग्रामसभेला बसत आले आहे. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

माझे पहिले सांगणे असे की, सुरुवात आरोपापासून करू नये, इतिवृत्तापासून, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या लेखी नोंदीपासून, करावी. पुढे पंचायत समितीत, लेखापरीक्षणात किंवा चौकशीत जे ग्राह्य धरले जाते ते सभेत कोण काय बोलले हे नसते, तर इतिवृत्ताच्या वहीत काय लिहिले आहे हे असते. आमच्याकडे पूर्वी लोक आल्या आल्या सह्या घेतल्या जात, मधली पाने कोरी ठेवली जात आणि ठराव नंतर कार्यालयात बसून लिहिले जात. त्यामुळे ज्या कामाचा सभेत शब्दही निघाला नव्हता ते काम ‘सर्वानुमते मंजूर’ झालेले दिसे, आणि खाली सह्या आमच्याच असत. आम्ही आठ-दहा जणींनी एवढीच मागणी लावून धरली की, प्रत्येक ठराव लिहून होताच मोठ्याने वाचून दाखवावा, सूचक आणि अनुमोदक यांची नावे तिथल्या तिथे घालावीत आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारल्यावरच सह्या घ्याव्यात. पहिल्या दोन सभांत उशीर होतो म्हणून कुरकुर झाली. पुढे तीच पद्धत पडली. नंतर एकदा ग्रामसेवकांनीच मला सांगितले की, सभा उठल्यावर ‘एवढे एक घालून टाका’ म्हणणाऱ्यांना आता त्यांना नाही म्हणता येते. प्रामाणिकपणे काम करू पाहणाऱ्या कर्मचाऱ्यालाही गावाचा आधार लागतो, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले.

कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा ग्राह्य ठरण्यासाठी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत. खरी गोम पुढे आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. अनेक गावांत पहिली सभा ओस पडते आणि तहकूब सभेत मूठभर लोक वर्षाचा आराखडा मंजूर करून मोकळे होतात. म्हणून पहिल्याच सभेला शंभर माणसे जमवणे हे कोणत्याही तक्रार अर्जापेक्षा मोलाचे काम आहे, असे मी मानते.

दुसरे साधन माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘गेल्या दहा वर्षांचा सर्व खर्च द्यावा’ असे मागू नका. एकच काम निवडून त्याचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीतील) नोंदी आणि देयक मागा. याच कायद्याने कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे, पण तो फार थोडे लोक वापरतात.

आमच्या आळीतल्या काँक्रीट रस्त्याचे कागद आम्ही असेच मागवले. मोजमाप पुस्तिकेत रुंदी तीन मीटर आणि जाडी पंधरा सेंटीमीटर लिहिली होती. रुंदी टेपने मोजली, ती बरोबर भरली. जाडी कळणार कशी, हा प्रश्न होता. परंतु नळाच्या जोडणीसाठी एका ठिकाणी रस्ता फोडलेला होता आणि तिथे कड उघडी पडली होती. शेजारच्या मुलाने शाळेची पट्टी लावली, ती दहाच्या जरा पुढे गेली. पुढच्या ग्रामसभेत आम्ही कोणाचेही नाव घेतले नाही. फक्त पुस्तिकेतला आकडा आणि पट्टीवरचा आकडा असे दोन्ही वाचून दाखवले आणि फेरमोजणी व्हावी असा ठराव लिहून घेतला. शाखा अभियंता आले, चार ठिकाणी मोजणी झाली आणि निकृष्ट तुकडा पुन्हा करून दिल्यानंतरच उरलेले देयक निघाले. प्रत्येक वेळी असे होत नाही, हेही सांगायला हवे. एका पाणीयोजनेच्या कागदांसाठी आम्हाला प्रथम अपील आणि द्वितीय अपील करून दोन वर्षे वाट पाहावी लागली.

सदस्याने किंवा सरपंचाने ग्रामपंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा आडून हितसंबंध ठेवला, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार तो अपात्र ठरू शकतो. हे हत्यार मात्र शेवटी काढावे. ते आधी बाहेर आले की गावात दोन तट पडतात आणि हिशेबाचा विषय मागे राहतो.

लोकसहभाग म्हणजे केवळ गर्दी नव्हे, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाकडून शिकावे. तिथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतात, आणि त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतात. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे कायदा वाचण्याची ही वर्षानुवर्षांची सवय होती. आम्हीही सभेच्या आधी एक संध्याकाळ देवळाच्या ओसरीवर बसून विषयपत्रिका वाचतो. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, ती आमच्याकडे आता नेमाने होते. अंगणवाडीत पाण्याची टाकी नाही, हा विषय वर्षानुवर्षे मोठ्या सभेत कोणी मांडला नव्हता. महिला सभेत तो पहिल्याच दिवशी निघाला.

आपण शहरात असलात तरी आपले नाव गावच्या मतदार यादीत असेल, तर आपण ग्रामसभेचे सदस्य आहात. सभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात, त्यामुळे यांतील दोन तरी सुट्ट्या गावासाठी राखून ठेवता येतील. तोवर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च घरबसल्या पाहता येतो. त्यातले आपल्या आळीच्या जवळचे एखादे काम निवडा, गावातल्या भावकीतील किंवा मैत्रीतील दोघांना ते प्रत्यक्ष पाहून फोटो पाठवायला सांगा, आणि सभेला जाताना मागील सभेच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी असा लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या.