जुनी ऑक्टाव्हिया आरएस की नवी व्हर्टस जीटी: पाच वर्षांचा हिशेब

प्रश्न: वय ३८, घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. हातात महिना १ लाख ४५ हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता ४२,०००, घरखर्च आणि मुलीची शाळा मिळून ५३,०००, एसआयपी २५,०००. बँकेत ९ लाखांच्या ठेवी आहेत. २०१३ची हॅचबॅक आहे, तिचे २ लाख येतील. कॉलेजपासून पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती) डोक्यात बसली आहे. ऑक्टोबर २००६ची, १ लाख ५ हजार किलोमीटर झालेली एक मिळते आहे, मालक साडेपाच लाख सांगतो. दुसरीकडे नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ऑन-रोड साधारण २२ लाखांना पडते. त्यासाठी १५ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी घ्यावं लागेल. आरएसची किंमत आता आणखी उतरणार नाही, झाली तर वाढेल, शिवाय हप्ता नाही. मग ती गुंतवणूकच झाली ना? हॅचबॅक विकून रोज तीच चालवायचा विचार आहे.

उत्तर: आधी ठेवींपासून सुरू करू. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ९५,००० होतात. सहा महिन्यांची सोय म्हणजे ५ लाख ७० हजार. म्हणजे ९ लाखांतले जवळपास ६ लाख नोकरी गेली तर लागतील म्हणून राखलेले आहेत, गाडीसाठी नाहीत. गाडीला उरतात ३ लाख, आणि हॅचबॅक विकली तर ५. तेव्हा साडेपाच लाखांची आरएस ‘रोखीने’ घेणं म्हणजे अडीअडचणीची ठेव मोडून घेणं. वीस वर्षांच्या गाडीला कुठलीही बँक वाहनकर्ज देणार नाही. कमी पडलं की माणूस वैयक्तिक कर्जाकडे वळतो, आणि ‘हप्ता नाही’ हा मुद्दा तिथेच संपतो.

आणि साडेपाच लाख ही किंमत झाली, खर्च नव्हे. या गाडीतलं १.८ लिटर, वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन (आपल्याकडे १५० पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती) मुळात दणकट आहे. म्हातारं होतं ते त्याच्या भोवतालचं रबर आणि प्लास्टिक. टायमिंग बेल्ट ‘नव्वद हजारला बदललाय’ असं ऐकाल, पण तारीख विचारा. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसा वर्षांनीही कडक होतो. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर तो बदलायचाच, सोबत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही. या पंपाचं आतलं पातं काही गाड्यांत प्लास्टिकचं असतं आणि ते तुटतं. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाचं हेड उतरवावं लागतं. मग क्रँककेसच्या वाफेचे होज: हाताने दाबले तर चुरा होतात. हवा तिथून आत शिरली की आयडलिंग हलतं आणि गॅरेजवाला एकामागून एक सेन्सर बदलत सुटतो. इग्निशन कॉइल, एअरफ्लो मीटर, कूलंट टेम्परेचर सेन्सर, डायव्हर्टर व्हॉल्व्ह हे सगळे या इंजिनाचे नेहमीचे पाहुणे. पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि चारही शॉकअॅब्सॉर्बर वीस वर्षांत मूळचेच असतील तर ते संपलेत असंच समजा.

चांगल्या स्वतंत्र गॅरेजकडून बेल्टचं किट, सस्पेन्शन, चार टायर, होज, एसी आणि किरकोळ सेन्सर एवढं करून घ्यायला पहिल्या वर्षी २ लाख बाजूला ठेवा. क्लच गेलेला निघाला तर हा आकडा पुरणार नाही, कारण फ्लायव्हील ड्युअल-मास (दोन भागांचं) असेल तर तेही सोबत बदलावं लागतं. त्यानंतर वर्षाला ७०,००० धरा. एखाद्या वर्षी वीस हजारांत भागेल आणि पुढच्या वर्षी सव्वा लाख लागतील. जुन्या गाडीचा खरा त्रास हा आहे: रक्कम एकवेळ परवडते, पण ती कधी लागेल हे कळत नाही.

आता पाच वर्षांचं गणित. वर्षाला १२,००० किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये धरलंय. शहरात आरएस लिटरला साडेआठ देईल, व्हर्टस साडेअकरा. आरएसचं पेट्रोल पाच वर्षांत ७ लाख ३४ हजार, व्हर्टसचं ५ लाख ४३ हजार. आरएसला खरेदी साडेपाच, सुरुवातीचं काम २, पुढची चार वर्षं देखभाल २.८, विमा ८५ हजार, आरटीओ आणि कर २५ हजार. पेट्रोल धरून एकूण १८.७४ लाख. शेवटी ४ लाखांना विकली गेली तर निव्वळ खर्च १४.७ लाख.

व्हर्टसला २२ लाख, ९ टक्क्यांनी पाच वर्षांत भरलेलं व्याज ४.७६ लाख, पहिल्या वर्षानंतरचा विमा १.४, देखभाल १.१ आणि पेट्रोल. पाच वर्षांनी १० लाख आले असं धरलं तरी निव्वळ २४.७ लाख, आणि तेव्हाही ५.२८ लाखांचं कर्ज अंगावर असेलच. म्हणजे आरएस सुमारे १० लाखांनी स्वस्त पडते. तुमचं मन तुम्हाला फसवत नव्हतं.

फक्त कारण तुम्ही समजता ते नाही. आरएस किंमत राखते म्हणून स्वस्त नाही. तिच्यात मुळात पैसे कमी अडकतात म्हणून स्वस्त आहे. पुढच्या पाच वर्षांत ती साडेपाचलाच विकली गेली तरी दरम्यान तुम्ही तिच्यात पाच-सहा लाखांची देखभाल, विमा आणि कागदपत्रं ओतलेली असतील. आयकर खात्याच्या दृष्टीनेही स्वतःच्या वापराची गाडी ही भांडवली मालमत्ता नाही. नफा झाला तर कर नाही हे खरं, पण तोटा झाला तर तो कशातच वळता करता येत नाही. आणि ‘क्लासिक’ म्हणून कुठली सवलतही नाही. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज ठरायला वाहन ५० वर्षांपेक्षा जुनं लागतं. विमा कंपनीच्या लेखी ही एक जुनी सेडान आहे, आणि १५०० सीसीच्या वर असल्यामुळे नुसत्या थर्ड पार्टीचाच हप्ता ७,८९७ रुपये, वर जीएसटी.

तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांत एक तिसरा नाही, आणि माझ्या मते खरी स्पर्धा त्याच्याशीच आहे: तीनेक वर्षं वापरलेली व्हर्टस किंवा तिची स्कोडातली बहीण स्लाव्हिया, तेच १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. ती साडेबारा लाखांत मिळाली असं धरू. हॅचबॅकचे २ आणि ठेवीतले ३ घालून साडेसात लाखांचं कर्ज, जुन्या गाडीला दर जास्त म्हणून ११.५ टक्के, पाच वर्षं. हप्ता सुमारे १६,५००, व्याज २.४ लाख. देखभाल १.६, विमा १.४, पेट्रोल ५.४३, आणि शेवटी साडेसहा लाख परत. निव्वळ १६.८ लाख. आरएसपेक्षा पाच वर्षांत दोन लाख जास्त, महिन्याला साधारण ३,५००. एवढ्यात तुम्हाला ईएससी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) मिळतं, मुलीची सीट पक्की अडकवायला आयसोफिक्स मिळतं, आणि अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०२३मध्ये प्रौढ आणि मुलं अशा दोन्हींसाठी पाच तारे दिलेली बॉडी मिळते. रोज सात वर्षांच्या मुलीला घेऊन निघणाऱ्या माणसासाठी हे ३,५०० रुपये मला महाग वाटत नाहीत. जुन्या व्हर्टसमध्ये डीएसजी घ्याल तर कंपनीची वॉरंटी किती उरली आहे ते आधी बघा. हा सात गिअरचा ड्राय (तेलाविना चालणारा) क्लच आहे आणि हिंजवडीच्या रांगेत, दर दोन मीटरला थांबत-सरकत, तो तापतो. खरं तर मॅन्युअल मिळाली तर ती घ्या. आरएसची हौस असलेल्या माणसाला ती आवडेलही.

नव्या व्हर्टसवर मी फुली मारेन. कारण गाडी नाही, हप्ता आहे. सगळं वजा केल्यावर तुमच्या हातात महिन्याला २५,००० उरतात आणि १५ लाखांचा सात वर्षांचा हप्ता येतो २४,१३४. सात वर्षं एकही अनपेक्षित खर्च येणार नाही, असं कुणीच धरू नये. पहिला बळी मग एसआयपीचा जातो.

आता हौसेचं बोलू, कारण नुसत्या आकड्यांनी तुम्ही तो नाद सोडणार नाही हे तुमच्या पत्रातून दिसतंय, आणि सोडावाच असंही नाही. आरएस घ्यायचीच तर हॅचबॅक विकू नका. ऑफिसचे ९,००० किलोमीटर हॅचबॅकने करा, आरएस ३,००० चालवा. हॅचबॅक लिटरला १४ देते असं धरलं तर पाच वर्षांत पेट्रोलचेच २ लाख १६ हजार वाचतात, आणि आरएसची देखभाल वर्षाला ५०,०००वर येते. समोर हॅचबॅकचा विमा, सर्व्हिस आणि घसारा उभा राहतो. दोन्ही धरून निव्वळ १४.५ लाख, म्हणजे एकट्या आरएसपेक्षा दोन गाड्या जास्त पडतच नाहीत. शिवाय आरएस आठवडाभर गॅरेजात असली तरी तुम्ही ऑफिसला पोचता. जुन्या गाडीच्या मालकाची सगळ्यात महागडी चूक घाईतली असते: सोमवारी गाडी हवीच म्हणून शुक्रवारी मिळेल तो पार्ट, मिळेल त्या भावाला.

पैसे मात्र अजून नाहीत. हॅचबॅक ठेवली तर तुमच्याकडे ३ लाख आहेत, आणि लागतात साडेसहा: गाडीला ४.५ आणि कामाला २. उरलेले साडेतीन लाख महिना २५,००० ने १४ महिन्यांत जमतात. आवर्ती ठेव उघडा. तोपर्यंत ही गाडी विकली गेली तर दुसरी येईल.

साडेपाच नव्हे, साडेचार असं मी म्हणतोय त्याला एक ठोस आधार आहे. गाडी ऑक्टोबर २००६ची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२१ला तिचं पाच वर्षांचं नूतनीकरण झालं असणार आणि ते ऑक्टोबर २०२६ला संपतं. वीस वर्षांपुढच्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५पासून ५,००० वरून १०,००० झालंय. पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. तिथे नापास झाली तर दुरुस्ती तुमची. म्हणून मालकाला सांगा: नूतनीकरण करून द्या, नाहीतर भाव कमी करा. दिल्लीतल्या बातम्यांमुळे १५ वर्षांनी गाडी भंगारात जाते अशी भीती घालणारे भेटतील. पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांची ती मर्यादा दिल्ली परिसरातली आहे, महाराष्ट्रातली नाही.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. इंजिन थंड असतानाच ऐका. सुरू झाल्यावर पाच मिनिटं आयडलिंगला ठेवा आणि मग एकदम रेस द्या. मागे निळसर धूर आला तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्हचे सील. इग्निशन चालू करताना एअरबॅगचा दिवा पेटून विझायला हवा. पेटलाच नाही तर दिवाच काढून टाकलेला असू शकतो. पायाखालचं कार्पेट उचलून हात लावा, दारातलं सील गेलं की पावसाचं पाणी तिथे साचतं. लॅपटॉप जोडून फॉल्ट कोड बघणारा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरांतला दाब) मोजणारा मेकॅनिक सोबत न्या. चार सिलिंडरांत तीन बारपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी सोडा. इंजिनाला ‘रिमॅप’ (ताकद वाढवायला त्याच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बदल) केलंय का ते स्पष्ट विचारा. बऱ्याच आरएस रिमॅप झालेल्या असतात, आणि न कळवलेला बदल दिसला की विमा कंपनीला दावा अडवायला कारण मिळतं.

आणखी एक खर्च लोक धरत नाहीत. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे आणि ही गाडी त्याच्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येतो. रबराचे फ्युएल होजही मऊ पडतात. घेतल्यावर होज इथेनॉल सोसणारे घाला, पहिला फिल्टर दोन-तीन हजार किलोमीटरवरच बदला, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी न ठेवता भरून ठेवा, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.

सौदा ठरला तर आरसीवर कुठल्या बँकेचा बोजा तर नाही ना, ते परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्यासमोर सह्या घ्या, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी बसलेली आहे ना ते पाहा, नाहीतर नावावर करण्याचं काम अडतं. टोकन दहा-वीस हजारांपेक्षा जास्त देऊ नका. आणि शेवटचे ५०,००० गाडी तुमच्या नावावर झाल्याचं दिसल्यावरच द्यायचे, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.