दीड तासातला अर्धा सिस्टिमच खाते

प्रश्न: मी कॉन्ट्रॅक्टवर डेव्हलपर आहे, दिवसभर क्लायंटचा कोड आणि रात्री स्वतःचं एक छोटं बॅकअपचं टूल. जेमतेम दीड तास मिळतो, त्यातला अर्धा ऑपरेटिंग सिस्टिमच खाते. लिनक्समध्ये अपडेट घेतला की वायफाय बंद, म्हणून ऑफिसच्या विंडोजवर शेल स्क्रिप्ट (एकामागून एक कमांड चालवणारी फाइल) लिहिली तर ती सर्व्हरवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत आडवी झाली, फाइल तर जशीच्या तशी आहे! काय करू?

उत्तर: दिसायला तशीच आहे, पण तशी नाहीये हो. विंडोजवर ओळीच्या शेवटी बहुतेकदा दोन न दिसणारी अक्षरं असतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड, लिनक्सला फक्त लाइन फीड लागतं, त्यामुळे पहिल्या ओळीतल्या 'बॅश'ला, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाला, जादाचं अक्षर चिकटतं आणि सिस्टिम त्या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसते, जो कुठेच नसतो. रेपोमध्ये, म्हणजे गिटनं सांभाळलेल्या कोडच्या फोल्डरमध्ये, गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल टाकून स्क्रिप्टसाठी एलएफ (फक्त लाइन फीड) पक्कं करा. हा त्रास मीही भोगलाय, दोन रात्री गेल्या होत्या.

वायफायसाठी बूट मेन्यूतून आधीचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडून बघा, बऱ्याच डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार, तो ठेवतात. आणि उबुंटू असेल तर एलटीएसच, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्तीच, घ्या, दर 2 वर्षांनी येते, 5 वर्षं सपोर्ट असतो, सारखं नवीन कशाला हवंय.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटतेय. ऑफिसच्या मशीनवर स्वतःचा कोड लिहू नका, कॉन्ट्रॅक्टमधलं मालकीहक्काचं कलम आजच काढून वाचा.